पाणी जोखताना

मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातल्या एका जुन्या इमारतीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, पांढऱ्या कागदाच्या घडीत माझ्यासमोर दोन हिरे ठेवले होते. शेजारी त्यांचे प्रयोगशाळेचे दाखले. वजन १.०१ कॅरट, रंग ‘जी’, निर्मळता ‘व्हीएस टू’, घडण ‘एक्सलंट’. दोन्हींवर अक्षर न अक्षर हेच. ज्यांच्याकडून मी हिरा पाहायला शिकले ते काका मूळचे पालनपूरचे. चाळीस वर्षं त्यांनी हिऱ्यांचं ॲसॉर्टिंग, म्हणजे प्रतवारी, केलेलं. ते म्हणाले, “कागदावर जुळे आहेत, बेन. आता कागद बाजूला करा आणि सांगा, यातला कुठला घरी न्याल?”

उत्तर द्यायला मला दहा सेकंदंही लागली नाहीत. उजवीकडचा. तो कागदावर पडल्या पडल्या जागा होता. डावीकडचाही चमकत होता, पण त्याच्या माथ्याच्या सपाट पैलूच्या, म्हणजे टेबलाच्या, कडेखाली एक राखाडी कडं होतं, कंदिलाच्या काचेला काजळी धरावी तसं. मी हिरा चिमट्यात धरून हलवला, तिरका केला, तरी ते कडं जागेवरच. एकदा दिसलं की त्याच्यावरून नजर हलेना.

मग दाखले पुन्हा वाचले. बारीक अक्षरांत, प्रमाणांच्या आकृतीजवळ, फरक छापलेला होता. उजव्या हिऱ्याच्या वरच्या भागाचा कोन ३४.५ अंश, खालच्या भागाचा ४०.८. डाव्याचे ३५.५ आणि ४१.२. एक अंश इकडे, अर्ध्या अंशाहून कमी तिकडे. ‘एक्सलंट’ हा शब्द दोघांनाही आपल्या पोटात घेण्याइतका ऐसपैस होता.

हिऱ्याची प्रत सांगताना चार गोष्टी एका दमात मोजल्या जातात: वजन, रंग, निर्मळता, घडण. माझं म्हणणं असं की या चार गोष्टी एका जातीच्याच नाहीत. वजन तराजूचं. रंग आणि निर्मळता हे उणेपणाचे हिशेब: पिवळेपणा किती कमी, डाग किती कमी. हिरा प्रत्यक्षात करतो काय, याबद्दल फक्त घडण बोलते. आणि तिलाच मोजमापात सर्वांत शेवटी जागा मिळाली. अमेरिकेच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं रंग आणि निर्मळतेची आजची मोजपट्टी १९५३ मध्ये रूढ केली. गोल हिऱ्याच्या घडणीला श्रेणी द्यायला तिथंच २००६ साल उजाडलं. मधली पन्नासहून अधिक वर्षं लोक हिऱ्याचं सगळं मोजत होते, त्याचं तेज सोडून. म्हणून मी दाखला शेवटाकडून वाचते.

तर आधी घडण. आज आपण ज्याला साधा गोल हिरा म्हणतो त्याला ५७ पैलू असतात. वरच्या बाजूला ३३, खालच्या बाजूला २४. सुरतेत वरच्या बाजूला मथाळा म्हणतात, खालच्या निमुळत्या बाजूला तळिया. मध्ये कमरेसारखी बारीक कड. मथाळ्याचं काम उजेड आत घ्यायचं आणि बाहेर पडताना त्याचे रंग सुटे करायचं. तळियाचं काम एकच: आत आलेल्याला खालून निसटू द्यायचं नाही. हिऱ्यात शिरला की प्रकाश एकदम मंदावतो, हवेतल्या वेगाच्या जेमतेम दोन पंचमांशावर येतो. त्यामुळे आतून पैलूवर आपटणारा किरण लंबाशी २४ अंशांहून थोड्या जास्त कोनात आला तरी त्याला बाहेरची वाट बंद होते आणि तो आतल्या आत परततो. काचेत हीच मर्यादा ४२ अंशांच्या आसपास आहे. काचेतून प्रकाश सहज निसटतो, हिऱ्यात सहज अडकतो. पैलू पाडणाऱ्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. तळिया उथळ राहिला तर कमरेचं प्रतिबिंब टेबलात फिक्या वर्तुळासारखं उमटतं, मेलेल्या माशाचा डोळा दिसावा तसं. फार खोल गेला तर मधोमध काळं पडतं, खिळ्याच्या डोक्यासारखं. आणि दोन्हींच्या मध्ये, अंशभराच्या अरुंद पट्टीत, हिरा पेटतो.

ही पट्टी गणितानं मांडली मार्सेल टोलकोव्स्कीनं. अँटवर्पच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातला हा तरुण अभियंता. १९१९ मध्ये ‘डायमंड डिझाइन’ या छोट्या पुस्तकात त्यानं मथाळ्याला ३४.५ अंश, तळियाला ४०.७५ आणि टेबलाला व्यासाच्या ५३ टक्के असे आकडे दिले. बॉस्टनचा कारागीर हेन्री मोर्स त्याच्या बऱ्याच आधी डोळ्यांनी आणि हातांनी याच मुक्कामाजवळ पोचला होता. मला ही जोडी फार आवडते. एकाला कोन आकडेमोडीत सापडले, दुसऱ्याला फिरत्या चाकावर, दगड उचलून पाहत, पुन्हा टेकवत. सुरतेत एका घंटीभोवती चार-चार रत्नकलाकार बसतात तेव्हा त्यांच्या मानेची हालचाल पाहावी. दर काही क्षणांनी दगड डोळ्यांपाशी येतो आणि परत चाकावर जातो. हे जोखणं त्या कामाचाच भाग आहे. प्रतवारी तिथूनच सुरू झालेली असते.

चांगला गोल हिरा वरून, थोडा वेळ, घाई न करता पाहिला की तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसू लागतात. एक, पांढरा, सलग परतणारा उजेड. दुसरी, त्यातून मधूनच सुटणाऱ्या तांबड्या, निळ्या, हिरव्या ठिणग्या. तिसरी, हात किंवा डोकं जरा हललं की होणारी लुकलुक. वराहमिहिरानं बृहत्संहितेत उत्तम वज्राला वीज, अग्नी आणि इंद्रधनुष्य यांची उपमा दिली आहे. त्याच्यासमोरचे हिरे आजच्यासारखे पैलूदार नव्हते, बहुतेक खाणीतून आले तसे अष्टफलक स्फटिक असावेत. तरी मला त्या तीन उपमांत याच तीन गोष्टी दिसतात: विजेत लुकलुक, अग्नीत उजेड, इंद्रधनुष्यात ठिणग्या. हे माझं वाचन झालं. पण हिऱ्याच्या चांगुलपणात त्यानं तेजाला जागा दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. हिऱ्यात काळोखही हवा. पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली काही पैलूंत पडते, ते पैलू काळे होतात. नेटकी घडण असेल तर ही काळी पानं आठ बाजूंना सारख्या अंतरावर उभी राहतात आणि हिरा हलला की काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं होत जातं. सगळीकडून एकसारखा पांढरा उजेड देणारा दगड पाच मिनिटांत कंटाळा आणतो. तबल्यात खाली नसती तर सम कशी कळली असती? डाव्या हिऱ्यातलं राखाडी कडं मात्र या जातीचं नव्हतं. ते हलत नव्हतं. तिथून उजेड खालच्या वाटेनं निघून जात होता आणि परतत नव्हता.

आता रंग. इथं फार रेंगाळायचं कारण नाही, पण पद्धत मोठी सुंदर आहे. रंग पाहायचा तर हिरा उलटा ठेवायचा, टेबल खाली, टोक वर, पांढऱ्या कागदाच्या घडीत, आणि बाजूनं पाहायचं. सरळ ठेवला तर त्याचं तेजच त्याचा पिवळेपणा झाकतं. शेजारी ठरावीक रंगाचे नमुन्याचे हिरे मांडायचे आणि आपला दगड कुणाच्या मागं, कुणाच्या पुढं बसतो ते शोधायचं. श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत. ‘ए’पासून नाही, कारण ज्याला त्याला आपला माल ‘ए’, नाहीतर ‘डबल ए’ म्हणायची सवय लागलेली होती आणि नव्या मोजपट्टीला तो जुना गोंधळ नको होता. त्याआधीची नावं मला जास्त आवडतात: रिव्हर, वेसल्टन, केप. त्यांत नदी होती, खाण होती, दक्षिण आफ्रिकेचा किनारा होता. ‘जी’ला चेहरा नाही.

पिवळेपणा येतो तो नायट्रोजनमुळे. हिरा म्हणजे कार्बन, पण स्फटिक घडताना काही जागांवर नायट्रोजनचे अणू घुसतात आणि निळा प्रकाश खातात. ज्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच असे हिरे निसर्गात फार थोडे, शंभरात दोनही नाहीत. कृष्णाकाठच्या जुन्या खाणींतून, गोवळकोंड्याच्या बाजारातून जगभर गेलेल्या कित्येक नामांकित हिऱ्यांची जात ही. त्यांच्यात आरपार पाहताना नजर कुठं अडतच नाही. त्यांना पाहून ‘पाणी’ हा शब्द आपल्याकडं का रुजला ते कळतं. मोत्याला पाणी, तलवारीला पाणी, माणसाचंही पाणी आपण जोखतो. पण हिऱ्याच्या बाबतीत तो शब्द जवळजवळ शब्दशः खरा आहे: विहिरीचा तळ दिसावा, पण मध्ये काहीतरी आहे हेही जाणवावं.

निर्मळतेला अकरा पायऱ्या. अगदी निर्दोषापासून सुरू होऊन, उघड्या डोळ्यांना डाग दिसतो इथपर्यंत. सगळं दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठरवायचं, ज्याला बाजारात आयग्लास म्हणतात. वीसपट भिंगातून सापडलेला डाग श्रेणीत धरत नाहीत. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. किती खोल पाहायचं हे आधी ठरवलं नाही तर जगात निर्दोष काहीच उरणार नाही.

माझ्या उजव्या हिऱ्यात, कमरेजवळ, पिसासारखी एक बारीक भेग होती आणि एका पतंगी आकाराच्या पैलूखाली एक इवला स्फटिक. दाखल्यावर तांबड्या आणि हिरव्या शाईनं अशा खुणा नकाशासारख्या काढतात. आपल्या जुन्या रत्नशास्त्रानंही दोषांना नावं दिली होती: बिंदू, रेखा, यव, काकपद. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायासारखी भेग. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं हिरा खूप वेळ हातात धरला असणार. आजचं ‘फेदर’ही तसलंच. दोष पाहता पाहता दोन्हीकडच्या लोकांना पाखरंच आठवली.

दोष हा शब्द मी सवयीनं वापरते, पण तो मला पुरता पटत नाही. बहुतेक हिरे जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर घडतात, काहींचं वय तीन अब्ज वर्षांहून जास्त. वर येताना ते आतल्या स्फटिकांना हवाबंद कुपीत घालावं तसं घेऊन येतात. ब्राझीलच्या जुईना भागात २००८ मध्ये एक तपकिरी, मळकट हिरा सापडला. जवाहिऱ्याच्या लेखी कवडीमोल. त्याच्या आत रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण निघाला, आणि २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी बांधलेलं आहे. पृथ्वीच्या पोटात पाचशे किलोमीटरहून खोल पाणी आहे याचा तो थेट पुरावा. ज्या हिऱ्याला पाणी नाही म्हणून बाजूला टाकला असता, त्यानंच पाणी वर आणलं होतं.

राहिलं वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे १९०७ मध्ये ठरलं. त्याआधी गावोगावचा कॅरट वेगळा, आपल्याकडं रती. बाजार मात्र वजनाकडं आजही अंधश्रद्धेनं पाहतो. ०.९८ आणि १.०१ यांत डोळ्याला फरक दिसत नाही, किमतीत मात्र एकदम उडी असते. त्या उडीसाठी दगडात मास राखलं जातं. माझ्या डाव्या हिऱ्याचं नेमकं हेच झालं होतं. त्याचा व्यास ६.३ मिलिमीटर, उजव्याचा जवळजवळ ६.५. वजन तेवढंच. डाव्यानं ते पोटात ठेवलं होतं, जिथं कुणी पाहत नाही, आणि त्याच पोटातून त्याचा उजेड गळत होता.

हा मोह नवा नाही. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात आपल्या खाणींवर फिरला. तो लिहितो की दगड स्वच्छ असेल तर इथले कारागीर त्याला फक्त चाकावर टेकवत, वजन घटेल म्हणून आकार द्यायला जात नसत. डाग असेल तिथंच छोटे छोटे पैलू पाडत, डाग झाकण्यासाठी. म्हणजे त्या काळच्या पारख्याला फार पैलू दिसले की शंका यायची! मोगल बादशहाचा मोठा हिरा होर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिरानं ९०० रतींवरून घासत घासत ३१९.५ रतींवर आणला. मजुरी तर मिळाली नाहीच, उलट १०,००० रुपये दंड झाला, हेही ताव्हेर्नियेच सांगतो. तो राग मला समजतो. त्या दरबाराच्या दृष्टीनं वजन म्हणजे खुद्द हिरा.

आणि मग आपला नाशिकचा हिरा. कोल्लूरच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा, सुमारे ९० कॅरटचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, लुटीतून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी विकत घेतला. त्यांनी तो पुन्हा घासला, पण हात राखून: ८० कॅरटच्या आसपास ठेवला. वर्षं गेली, मालक बदलले, काही काळ तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत होता. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं पॅरिसमध्ये तो घेतला आणि निम्म्याच्या आसपास दगड घालवून त्याला लांबट चौकोनी, पायऱ्यांचा एमराल्ड घाट दिला. वजन उरलं ४३.३८ कॅरट. निर्दोष.

या तीन घाटांत तीन काळांची पारख आहे. देवळातल्याला वस्तुमान हवं होतं, समईच्या उजेडात गाभाऱ्यात चकाकणारं. लंडनला मास आणि झळाळी दोन्ही हवं होतं. न्यूयॉर्कला निर्मळता, कारण पायऱ्यांचा घाट काहीच झाकत नाही. त्यात एक बिंदू असला तरी तो उघड्या अंगणात ठेवल्यासारखा दिसतो. विन्स्टनचा निर्णय कारागिरीच्या दृष्टीनं बरोबर होता असं मी मानते. तरीही त्या गेलेल्या निम्म्या दगडाची हळहळ माझ्या मनातून जात नाही. त्या धुळीबरोबर नाशिकचं नाव सोडून नाशिकचं सगळंच गेलं. कोणत्याही श्रेणीत हे नुकसान मोजायला जागा नाही, आणि ती असावी असं मी म्हणणारही नाही. पण ते नुकसान झालं.

दुपार उतरली होती. काकांनी खिडकीचा पडदा ओढला आणि ट्यूबलाइट बंद केली. कोपऱ्यात महावीरांच्या तसबिरीपुढं तेलाचा दिवा होता, तेवढाच उजेड उरला. ताव्हेर्नियेनं हेही नोंदवलं आहे की युरोपातले व्यापारी हिरा दिवसा पाहतात, इथले रात्री: भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून, दगड बोटांत धरून त्याचं पाणी जोखतात. मी काकांना ते सांगितलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

उजव्या हिऱ्यानं दिव्यापुढं ठिणग्या टाकल्या, अपेक्षेप्रमाणे. मग डावा उचलला. राखाडी कडं आजूबाजूच्या अंधारात विरून गेलं होतं. उंच, उभट मथाळ्यातून तांबडा, मग एकदम गर्द निळा, मग केशरी असे रुंद रंग सुटत होते, एकेक, सावकाश, वातीच्या हेलकाव्याबरोबर. खिडकीच्या उजेडात पडलेला मंद दगड आणि हा एकच आहे, हे मी पुन्हा कमरेवर लेझरनं कोरलेला नंबर भिंगातून वाचून पाहीपर्यंत मला खरं वाटलं नाही.

“आता कुठला, बेन?” काकांनी विचारलं.

मी चिमटा खाली ठेवला नाही. दिवा जरा जवळ ओढला आणि दोन्ही हिरे पुन्हा घडीत शेजारी शेजारी मांडले.